साठ मिनिटांचा शहजादा

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला, त्या माझ्या वयाच्या वाचकांना 'प्रिन्स' एवढे म्हटले तरी पुरेल. खेळाचे पूर्ण नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया', पण तेव्हा एवढे लांब नाव कुणी घेत नसे. 'सर, प्रिन्स आहे का?' असे मुलांनी विचारायचे आणि सरांनी 'आधी डॉसच्या कमांड पाठ करा' म्हणायचे, असा तो काळ. काळ्या पडद्यावर तळघर उमटे. भिंतीवर मशाली, आणि खाली पांढऱ्या कपड्यातला एक सडपातळ तरुण. सुलतान दूर लढाईवर गेलेला, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, शहजादीला कोंडून ठेवलेले. तिला एका तासाची मुदत : माझ्याशी निकाह कर, नाहीतर मर. तळघरात फेकलेल्या त्या तरुणाने बारा लेव्हल ओलांडून साठ मिनिटांच्या आत तिच्यापर्यंत पोहोचायचे. वाटेत निखळणाऱ्या फरश्या, जमिनीतून उसळणारे सुळे, वरखाली मिटणारी पाती आणि तलवारी घेतलेले पहारेकरी.

आम्ही तेव्हा चिपळूणला राहत होतो. १९९५ साली माझी दहावीची आणि आपाची बारावीची परीक्षा झाली आणि अब्बांनी दोघींना दोन महिन्यांच्या क्लासला घातले. वर्डस्टार, लोटस, डॉस असा अभ्यासक्रम. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत शिरायचे आणि एका मशीनवर दोघींनी बसायचे. शेवटचा अर्धा तास 'प्रॅक्टिस'चा. त्यात आम्ही प्रिन्स खेळायचो. बाण माझ्याकडे, शिफ्ट आपाकडे. मी पळवायची, तिने योग्य क्षणी शिफ्ट दाबून त्याला कड्याला लटकवायचे किंवा तलवार चालवायची. तिसऱ्या लेव्हलपासून खेळ सेव्ह करता येई, म्हणून आपाने एका वहीत कुठे काय आहे ते उतरवून ठेवले होते. असे करत आम्ही बाराव्या लेव्हलला पोहोचलो आणि तिथे एका सावलीने आम्हाला अडवले. हुबेहूब शहजाद्यासारखी दिसणारी सावली, त्याच्याच उंचीची, त्याच्याच चालीची. तिच्याशी लढायला गेले की आपणच मरत होतो. दहा वेळा, वीस वेळा. मग दोन महिने संपले, सर्टिफिकेट मिळाले आणि खेळ तिथेच राहिला. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे आपाचे लग्न होऊन ती चिपळुणातच राहिली. मी बीएड करून पुण्यात आले, कॅम्पातल्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवू लागले, लग्नानंतर कोथरूडला स्थायिक झाले. तीस वर्षांत त्या खेळाची आठवण फार तर दोनदा आली असेल.

तिसऱ्यांदा आली ती आपाच्या मुलामुळे. तो इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आला तेव्हा होस्टेलवर राहत होता. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, ते पुन्हा दिले, पुन्हा राहिले आणि त्याचे वर्ष गेले. पुण्यातली मुले त्याला 'वायडी लागला' म्हणतात. म्हणजे इयर डाऊन. शब्द लहान आहे, पण मुलाच्या चेहऱ्यावरून उतरत नाही. होस्टेलची खोली सुटली आणि तो आमच्याकडे राहायला आला. एक बॅग, एक लॅपटॉप. आईवडिलांचे फोन घेत नसे. घेतलाच तर 'हो', 'नाही', 'ठीक आहे' यापलीकडे काही नाही. दिवसभर फोनवर बीजीएमआय. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा कितीतरी घरांत हुश्श झाले होते. पुढच्याच जुलैत तो खेळ या नव्या नावाने परत आला, हे अशी मुले घरात असलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

सकाळी मी वनाजहून मेट्रो पकडून पुणे स्टेशनला उतरते, तिथून रिक्षाने शाळा. दुपारी परत येईपर्यंत तो बहुतेक वेळा त्याच जागी, त्याच कुशीवर. माझे शोहर म्हणाले, 'काही बोलू नकोस, वेळ जाऊ दे.' सासूबाईंना आम्ही अम्मीजान म्हणतो, त्या म्हणाल्या, 'वेळच तर चालला आहे.' दोघांचेही खरे होते.

एके शनिवारी मी उत्तरपत्रिका तपासत होते. तो लॅपटॉपवर जुन्या खेळांची कसली तरी यादी पाहत होता. मी सहज विचारले, 'यात प्रिन्स मिळतो का रे? तुझी अम्मी आणि मी खेळायचो.' त्याने पहिल्यांदाच मान वर केली. 'अम्मी? गेम?' आपल्या आईने कधी खेळ खेळला असेल, हे त्याच्या कल्पनेतच नव्हते. दहा मिनिटांत त्याने डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम टाकला. नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करणारा हा प्रोग्राम. पडद्यावर मशाली पेटल्या आणि टिकटिक करणारा तो जुना आवाज आला.

आम्ही एक नेम केला. शनिवार-रविवार, अस्रच्या नमाजनंतर, एक तास. खेळच मुळी साठ मिनिटांचा, त्यामुळे तास कुणाला मोजावा लागत नसे. अम्मीजान जपमाळ ओढत म्हणाल्या, 'एकाला आवरायचे तर तूही जाऊन बसलीस?' त्यांची काळजी रास्त होती. खेळाच्या नावाखाली मुलांचा किती वेळ जातो ते मी वर्गात रोज पाहते. पण या खेळाची जात वेगळी आहे. हा संपतो. पैसे मागत नाही, रात्री दोन वाजता 'परत ये' म्हणून फोन वाजवत नाही, उद्या आलास तर बक्षीस देतो असे आमिष दाखवत नाही. त्याला शेवट आहे आणि शेवटापर्यंत जाण्यासाठी डोके लागते. मुलाच्या हाती कुठला खेळ द्यावा असे कुणी मला विचारले, तर मी आधी हेच विचारीन की त्याला शेवट आहे का.

दुसऱ्यांदा खेळताना मला पहिल्यांदा जाणवले ते या खेळातले वेळेचे गणित. शहजादा मेला की लेव्हल पुन्हा सुरू होते. जीव कितीही वेळा मिळतो. पण घड्याळ मागे जात नाही. पहिल्या लेव्हलला वीस वेळा मेलात तर वीस वेळा उठाल, मात्र साठातली मिनिटे गेली ती गेली. पंधराव्या वर्षी आम्हाला फक्त घड्याळ दिसत होते, म्हणून आम्ही धावत होतो आणि धावल्यामुळे मरत होतो. आता पाहिले तर खेळातच एक सोय आहे : शिफ्ट दाबून धरले की शहजादा एकेक पाऊल जपून टाकतो. सुळे उसळलेले असले तरी त्यांच्यामधून तो सावकाश चालत निघून जातो, ओरखडाही येत नाही. तेच सुळे धावणाऱ्याला मारतात.

भाचा बाण चालवायचा, शिफ्ट माझ्याकडे. त्याची बोटे तरबेज. उड्या तो अशा मारी की मला डोळे मिटावेसे वाटत. पण सुळे आले की मी शिफ्ट दाबून धरत असे आणि तो वैतागे, 'खाला, वेळ जातोय.' मग त्यानेच एकदा हिशेब केला. जपून गेलो त्या दिवशी सहावी लेव्हल तेवीस मिनिटांत आली होती, धावत गेलो त्या दिवशी एकतीस मिनिटांत. त्यानंतर तो वैतागला नाही.

या खेळाचा इतिहासही मी त्या दिवसांत वाचून काढला. मास्तरकीची सवय, दुसरे काय! तो मला खेळाइतकाच रंजक वाटला.

जॉर्डन मेकनर हा अमेरिकन तरुण. कॉलेजात असतानाच १९८४ साली त्याचा 'कराटेका' हा पहिला खेळ प्रसिद्ध झाला आणि गाजला. मग त्याने हा दुसरा खेळ हाती घेतला. माणूस खरोखर पळतो, उडी मारतो तसा तो पडद्यावर दिसावा, म्हणून १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. त्या चित्रणातली एकेक स्थिती घेऊन शहजाद्याची आकृती काढली. आम्ही चिपळूणला बसून जो पळवत होतो, तो म्हणजे डेव्हिड नावाचा एक धाकटा भाऊ होता. खेळाचे संगीत वडिलांचे. फ्रान्सिस मेकनर हे मानसशास्त्रज्ञ, पण सुरांची जाण असलेले. म्हणजे मोठ्याची कल्पना, धाकट्याच्या उड्या आणि वडिलांची चाल, असे ते घरचे कार्य होते.

हे कार्य सलग मात्र झाले नाही. मेकनरला सिनेमाच्या कथा लिहायच्या होत्या. मध्येच त्याने खेळ बाजूला ठेवला आणि पटकथेच्या मागे लागला. काही महिने शहजादा अर्धवट पडून राहिला. मग तो परत आला. १९८९ साली खेळ बाजारात आला, तोही अॅपल टू या कॉम्प्युटरवर, ज्याचे दिवस भरत आले होते. पहिल्या वेळी खप अगदी थोडा. ज्यांनी तो काढला त्यांना वाटले असेल, चार वर्षे पाण्यात गेली. पुढच्या वर्षी डॉसवर, नंतर इतर मशीनवर तो आला आणि जपान-युरोपपासून आमच्या कोकणातल्या क्लासपर्यंत पोहोचला. आपल्याकडच्या मुलांना त्याची ओळख झाली ती या दुसऱ्या फेरीत. पहिल्या अपयशावर त्याचे दुकान बंद झाले असते, तर आपा आणि मी वर्डस्टारच टाइप करत बसलो असतो.

त्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉपी पुढे हरवल्या होत्या. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोके सापडले, त्यात त्या निघाल्या. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने तो सगळा प्रोग्राम लोकांसाठी खुला केला. हे मी आपाला फोनवर सांगितले तेव्हा ती हसली. 'आपली वही असती तर आपणही खुली केली असती.' आपाची ती वही २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा वह्या, अल्बम, लग्नाच्या साड्या, सगळेच गेले. तिच्याशी इतका वेळ अशा निवांत विषयावर मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. आमच्या फोनचा विषय एकच होता : मुलगा काय करतो, जेवला का, काही बोलला का. त्या दिवशी मी सांगितले, 'तो सहाव्या लेव्हलला आहे.' पलीकडे थोडी शांतता. मग, 'त्याला सांग, आठव्या लेव्हलला उंदीर येतो.' शहजादी उंदीर पाठवते, तो बंद दरवाजाची कळ दाबून वाट मोकळी करतो. वही गेली, पण उंदीर तिच्या लक्षात होता. मी फोन तसाच भाच्याच्या हातात दिला. 'अम्मी, तुला कसे माहीत?' त्याने विचारले. तो फोन अकरा मिनिटे चालला.

खेळताना भाच्याने एक प्रश्न मला विचारला, तो इथे मांडते, कारण आपल्या घरांतल्या पुष्कळ मुलांच्या मनात तो येत असेल. 'खाला, वाईट माणसाचे नाव जाफरच का? अल्लादीनच्या सिनेमातही जाफरच.' खरे आहे. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' या इंग्रजी चित्रपटात खलनायक जाफर, या खेळात जाफर, १९९२ च्या डिस्नेच्या 'अल्लादीन'मध्ये जाफर. मी त्याला सांगितले की जाफर नावाचा वजीर इतिहासात खरोखर होऊन गेला. जाफर बिन याह्या बरमकी, मूळ बल्खच्या घराण्यातला, खलिफा हारून अल रशीदचा जवळचा माणूस. हे बरमकी घराणे विद्वानांचे आश्रयदाते म्हणून प्रसिद्ध. ८०३ साली हारूननेच त्याचा शिरच्छेद करवला. अलिफ लैलाच्या गोष्टींत तो हारूनबरोबर वेष पालटून रात्री बगदादमध्ये फिरतो, तिथे तो सोबती आहे, कपटी नाही. पश्चिमेच्या सिनेमाने त्याला काळा झगा चढवला. भाचा म्हणाला, 'म्हणजे त्याचाही गेम दुसऱ्यांनीच लिहिला.' मी म्हटले, 'हो. म्हणून आपण मूळ वाचायचे.' मग आमच्या कपाटातली अलिफ लैलाची उर्दू प्रत महिनाभर त्याच्या उशाशी होती. त्याची उर्दू वाचायची सवय मोडलेली, तरी अडखळत वाचत होता.

अशा रीतीने आम्ही त्या सावलीपर्यंत आलो.

ही सावली येते कुठून, ते सांगायला हवे. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा उभा राहतो. तो ओलांडायचा तर धावत जाऊन त्यातूनच उडी मारावी लागते. शहजादा आरशातून इकडे येतो तेव्हा त्याची ताकद जेमतेम एका ठिपक्यापुरती उरते, आणि त्याच्यातूनच निघालेली सावली उलट्या बाजूने पळून जाते. पाचव्या लेव्हलला ती आपल्या आधी पोहोचून औषधाची कुपी पिऊन टाकते. सहाव्या लेव्हलला तोंडावर दरवाजा बंद करून आपल्याला खाली पाडते. ही सावली खेळात आली तीही एका अडचणीतून. टोमी पियर्स नावाच्या सहकारी मैत्रिणीने मेकनरला धोशा लावला होता की खेळात कुणी प्रतिस्पर्धी हवा. पण त्या काळच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्या पात्राच्या आकृत्यांना जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने शहजाद्याच्याच आकृत्या वापरून, त्या थोड्या सरकवून, त्यातून ही झिरझिरीत सावली उभी केली. शत्रूसाठी जागा नव्हती म्हणून शत्रू आपल्यातूनच काढला.

भाचा बाराव्या लेव्हलला पोहोचला तेव्हा घड्याळात अकरा मिनिटे होती. सावली समोर आली, दोघांनी तलवारी उपसल्या आणि तो तुटून पडला. मेला. पुन्हा उठला, पुन्हा मेला. त्या शनिवारी सगळी मिनिटे तिथेच संपली. रविवारी सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा तेच. मी म्हटले, 'आम्हीही इथेच थांबलो होतो.' त्याने इंटरनेटवर उत्तर शोधायला फोन उचलला, मग स्वतःच खाली ठेवला. 'नको. अम्मीलाही माहीत नव्हते ना?'

पुढचा शनिवार. तो आता लढत कमी होता, बघत जास्त होता. खाली डाव्या कोपऱ्यात आपली ताकद त्रिकोणांत दिसते, उजवीकडे शत्रूची. त्याने सावलीवर एक वार केला आणि थांबला. 'खाला, हे बघ. तिला लागले की आपलाही एक त्रिकोण जातो. तेवढाच.' पुन्हा एक वार. पुन्हा तेच. मग तो काही वेळ नुसता बसून राहिला. मिनिटे जात होती, मी बोलले नाही. त्याने खालचा बाण दाबला. शहजाद्याने तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. तो दोन पावले पुढे गेला, सावली दोन पावले पुढे आली, दोघे एकमेकांत मिसळले आणि पडदा लख्ख उजळला.

पुढे एक रिकामी दरी आहे. पूल नाही, काही नाही. सावलीशी एक झाल्यावर तिच्यावरून बेधडक धावत गेले की पायांखाली एकेक फरशी उमटत जाते. जिथे इतका वेळ धावणे म्हणजे मरण होते, तिथे खेळ पहिल्यांदा सांगतो, आता धाव. भाचा धावला. चार मिनिटे शिल्लक असताना त्याने जाफरला गाठले.

'तलवार म्यान करणे' हा वाक्प्रचार मी दरवर्षी वर्गात शिकवते. म्यान हा फारसीतून मराठीत आलेला शब्द, वाक्प्रचार मात्र अस्सल मराठी झालेला. माघार घेणे, भांडण थांबवणे असा अर्थ मुले वहीत लिहितात. त्या दिवसापासून मी त्यात थोडी भर घालते : आधी आपण म्यान केली तरच समोरचा करतो.

खेळ संपल्यावर भाच्याने टाळ्या पिटल्या नाहीत. चहा प्यायला आणि गच्चीवर गेला. रात्री जेवताना त्याने आपण होऊन सांगितले की गणिताचा पेपर त्याने दोन वेळा दिला आणि दोन्ही वेळा एकाच पद्धतीने दिला. आदल्या आठवड्यात गाइडमधली उत्तरे घोकून, रात्री जागून. 'तेच तेच मारत होतो,' एवढेच म्हणाला. शोहरांनी भाजी वाढली, विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अकरावीचे गणिताचे पुस्तक मागितले. इंजिनिअरिंगचे नव्हे, अकरावीचे. डेरिव्हेटिव्ह तिथेच कच्चे राहिले होते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापिका राहतात, त्यांच्याकडे तो रोज तासभर जाऊ लागला. त्याही घाई करत नसत. एक उदाहरण तीन प्रकारांनी सोडवून घेत.

हा खेळ पुण्याशीही जोडलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. २००३ साली 'द सँड्स ऑफ टाइम' हा प्रिन्सचा नवा अवतार आला. त्याची कथा आपल्याच देशातल्या एका महाराजाच्या महालात सुरू होते आणि त्या महाराजाच्या कन्येचे नाव आहे फराह! उर्दू शिकवणाऱ्या मला त्याची गंमत वाटली. या खेळात शहजाद्याच्या हाती एक खंजीर असतो, ज्याने वेळ थोडी मागे फिरवता येते. चुकीची उडी मारली, तर खंजिराची कळ दाबा आणि पुन्हा कड्यावर उभे राहा. युबीसॉफ्ट या कंपनीने तो खेळ नव्याने घडवायचे काम पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते जाहीर केले. पहिली झलक पाहून जगभरातल्या खेळाडूंनी नाके मुरडली, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. पुण्याच्या हातून तो पुरा झाला नाही.

भाच्याला हे मी मुद्दाम सांगितले. दुसऱ्या संधीच्या गोष्टी सांगताना आपण मोठी माणसे नेहमी यशस्वी झालेल्यांचीच नावे घेतो, आणि मुलांना ते कळते. इथे तर वेळ मागे फिरवण्याच्या खेळालाच वेळ पुरली नाही. त्याने विचारले, 'मग त्या पुण्याच्या लोकांनी काय केले असेल?' मी म्हटले, 'दुसऱ्या दिवशी कामावर गेले असतील.' तो हसला. तो खंजिराचा खेळ आपण खेळू या का, असे मी विचारले तर म्हणाला, 'नको. साठ मिनिटांचाच बरा.'

आमच्या शाळेत दहावीच्या पुरवणी परीक्षेला दरवर्षी काही मुले बसतात. जून महिन्यात ती येतात तेव्हा मान खाली घालून येतात आणि आल्या आल्या विचारतात, 'मॅडम, किती दिवस उरले?' मी आधी त्यांची मार्चची उत्तरपत्रिका कशी लिहिली गेली ते बोलून घेते. कुठले प्रश्न सोडले, कुठे वेळ गेला, कुठे येत असून लिहिले नाही. दिवस नंतर मोजतो. घरच्यांना एवढेच सांगते की पहिला आठवडा मार्कांचे नाव काढू नका. काही घरे ऐकतात, काही नाही.

रमजान ईदला आपा आणि दुल्हाभाई कोथरूडला आले होते. शीरखुर्मा झाल्यावर मायलेक लॅपटॉपसमोर बसले. शिफ्ट आपाकडे. पहिल्याच लेव्हलला तिने त्याला दोनदा पाडले आणि दोघे हसत सुटले. अम्मीजान आतून म्हणाल्या, 'आता तिसरी आली.'

भाच्याचे दोन विषय राहिले होते. अल्लाहच्या मेहरबानीने गणित सुटले, फार मोठ्या गुणांनी नव्हे, पण सुटले. मेकॅनिक्स अजून राहिले आहे. त्याचा फॉर्म त्याने स्वतः भरला आणि पावतीचा फोटो, मी न विचारता, आपल्या अब्बांना पाठवला.